शहाण्याही झोपल्या होत्या

पुणे, 26 मे

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, आधी कबुली देते, मग काय रागवायचं ते रागवा. वरच्या शेतातली धूळवाफ पेरणी मी काकांना सांगून परस्पर करून घेतली. आणि मोतीबिंदूची तारीख, तुम्ही रद्द केलेली, ती पुढच्या गुरुवारची परत घेतली. विचारलं असतं तर म्हणाला असतात, "सुगीच्या आत प्रभू येणार, पेरायचं कुणासाठी? डोळे तर तो नवेच देईल." फोनवर मला यावर उत्तर सुचत नाही, म्हणून लिहितेय.

प्रभूच्या येण्याची तारीख सांगणाऱ्या मोबाइलवरच्या त्या उपदेशकाला मी लबाड म्हणत नाही. (आई, म्हणते. पण वाचून दाखवताना हे गाळ.) पण असा हिशेब पहिल्यांदाच झालेला नाही. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याने बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले 2300 दिवस म्हणजे वर्षं धरली, त्याच्या लोकांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. काहींनी शेतातले बटाटेसुद्धा काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं उजाडलं. आणि 2011 साली हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ-उपदेशकाने 21 मे सांगितला, तो दिवस नुसताच सरला तेव्हा 21 ऑक्टोबर. तेव्हा तुम्हीच हसला होतात, "याच्या शास्त्रात मत्तयाचा चोविसावा अध्याय नाही वाटतं!" तो दिवस, ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे वचन मला तुम्हीच पाठ करायला लावलंत.

शब्बाथशाळेत, वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचा येशूचा दाखला बसवायचात ते आठवतं? पाच कंदील पेटलेले, पाच विझलेले. दरवर्षी मूर्ख कुमारी मीच, का तर दुसऱ्याच्या पोरीला वाईट वाटायला नको. मग माझं रडं थांबवायला खायला गोड कुंदा. परवा तोच उतारा पुन्हा वाचला, तर इतकी वर्षं निसटलेली ओळ सापडली. वराला उशीर झाला तेव्हा सगळ्याच पेंगल्या आणि झोपी गेल्या. शहाण्यासुद्धा, बाबा! त्यांना कुणी बोललं नाही. कुप्पीत तेल होतं, त्या निवांत झोपल्या. आणि तुम्ही रात्री दोनपर्यंत मोबाइल डोळ्यांशी धरून बसता, साखरेची गोळी मात्र डब्यात तशीच.

तुमची वाट बघणं मला खोटं वाटत नाही. आजीपण वाट बघतच गेली, पण शेवटच्या पावसाळ्यातही तिने जळण आत घेतलं होतं.

आता ऐका. मी बुधवारी रात्रीच्या गाडीने निघते, पहाटे पोचते. दवाखान्यात मी आत सोबत आहे, सुई बघायची नाही. नंतर थेंब वेळेवर, डोक्यावरून अंघोळ डॉक्टर म्हणतील तेव्हाच, वाकून काही उचलायचं नाही, शेतात तर नाहीच. आरामखुर्ची खिडकीशी सरकवून ठेवा. रविवारी देवळात जायचं असेल तर पाळकसाहेबांशी मी बोलते, ते घरी येऊन प्रार्थना करतील. आई, आमटी कमी तिखट कर आणि तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

पेरणीचा राग असेल तर तो गुरुवारनंतर काढा, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

तुमची
मूर्ख कुमारी