थंडीने बिघडलेली लस ओळखायची कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की 'लशी उन्हाने खराब होतात, बर्फात जपा' अशा बातम्या छापून येतात. त्यात निम्मेच सत्य आहे. पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्र), हिपॅटायटिस-बी, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि टीडी (धनुर्वात, घटसर्प) या लशी उष्णता थोडीफार सोसतात, गोठणे मात्र अजिबात सोसत नाहीत. या लशींमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात आणि लशीचा कामाचा भाग त्यांच्या बारीक कणांना चिकटलेला असतो. कुपी गोठली की पाण्याचे स्फटिक हे कण एकमेकांवर दाबतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि कुपी वितळल्यावरही त्या सुटत नाहीत. लस पांढुरकी दिसते, सिरिंजमध्ये येते, टोचलीही जाते. बाळाला संरक्षण मिळेल याची खात्री मात्र उरत नाही.

कुपीवरच्या व्हीव्हीएमवर, म्हणजे उष्णता लागली की रंग बदलणाऱ्या चिन्हावर, अनेकांची भिस्त असते. वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेपर्यंत लस वापरायची, तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की टाकायची, हे बरोबरच आहे. पण हे चिन्ह फक्त उष्णतेचा हिशेब ठेवते. रात्रभर गोठून सकाळी वितळलेल्या कुपीवरही चौकोन फिकाच दिसतो.

गोठण्याचा प्रकार बहुधा लसीकरण सत्राच्या दिवशी सकाळी, कॅरियर (लस नेण्याची थंड पेटी) भरताना घडतो. डीप फ्रीझरमधला आइसपॅक (पाणी भरून गोठवलेला चपटा डबा) उणे 15 ते उणे 25 अंशांवरून बाहेर येतो आणि घाईत तसाच कॅरियरमध्ये घातला जातो. आधी त्याचे कंडिशनिंग, म्हणजे थोडे वितळू देणे, व्हायला हवे. पॅक टेबलावर एका ओळीत सुटे मांडायचे, एकावर एक रचायचे नाहीत. थोड्या वेळाने पॅकवरचे पांढरे दव सुटून पाण्याचे थेंब जमतात. पॅक कानाशी धरून हलवला की आत पाण्याची खळखळ ऐकू आली पाहिजे. ही खळखळ मे महिन्यात लवकर येते, डिसेंबरात तास-सव्वा तासही लागतो, म्हणून घड्याळापेक्षा कानावर विसंबावे. मग पॅक पुसून कॅरियरच्या चारही बाजूंना एकेक लावायचा. कुप्या झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून मध्ये ठेवायच्या, म्हणजे त्या पॅकला थेट टेकत नाहीत आणि लेबलेही भिजत नाहीत. आइसपॅकमध्ये पाणी फक्त खुणेपर्यंतच भरावे. काठोकाठ भरले तर गोठताना पॅक फुगतो, तडकतो आणि कॅरियरमध्ये गळतो. सत्र चालू असताना वर काढलेल्या पॅकच्या खळग्यात पोलिओचे थेंब, बीसीजी (क्षयरोगावरची) आणि एमआर (गोवर-रुबेलावरची) यांच्या कुप्या ठेवता येतात. पेंटा, डीपीटी, टीडी आणि हिपॅटायटिस-बी त्या खळग्यात ठेवू नयेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआरला, म्हणजे लशी साठवायच्या खास फ्रीजला, झाकण वरून असते आणि त्याचा तळ सर्वांत थंड असतो. त्यामुळे गोठण्याने बिघडणाऱ्या लशी टोपलीत वरच्या बाजूला ठेवतात, तळाशी किंवा भिंतीला टेकवून नव्हे. तापमान +2 ते +8 अंशांत राहते की नाही हे दिवसातून दोनदा पाहून नोंदवायचे असते, रविवारी आणि सणासुदीलाही. वीज गेली तर झाकण उघडायचे नाही. उघडून 'जरा बघू' म्हणणाराच आतला गारवा घालवतो.

खासगी दवाखान्यांतल्या घरगुती फ्रीजची गोष्ट वेगळी. त्याच्या दारातल्या कप्प्यातले तापमान सतत वरखाली होते, आणि फ्रीझरखालच्या कप्प्यात मागे सरकलेली कुपी गोठू शकते. लस मधल्या कप्प्यात ठेवावी, शेजारी थर्मामीटर असावा आणि त्या फ्रीजमध्ये डबे-दूध ठेवू नये. 'तुमच्या फ्रीजची तापमानाची वही दाखवता का?' हा पालकांचा प्रश्न डॉक्टरांनी मनाला लावून घेऊ नये.

गोठल्याचा संशय आला तर शेक टेस्ट करता येते. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवायची आणि वितळू द्यायची. मग ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून जोरात हलवायच्या, शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि साधारण अर्धा तास साका (तळाशी जमणारा गाळ) कसा बसतो ते पाहायचे. संशयित कुपीतला साका गोठवलेल्या कुपीइतक्याच किंवा त्याहून अधिक वेगाने खाली बसला तर ती टाकून द्यायची. जी कुपी डोळ्यांदेखत गोठलेली सापडली तिची चाचणी करत बसू नये, ती सरळ बाद करावी.

एमआर आणि बीसीजीत धोका दुसरा आहे. या पूड लशी असतात. त्यांच्यात त्यांच्याच कंपनीचा विद्रावक (पूड विरघळवायचे द्रव), तोही आधीपासून थंड केलेला, मिसळावा लागतो. यात जंतूंना रोखणारे द्रव्य नसते. म्हणून मिसळल्याची वेळ कुपीवर लिहायची आणि 4 तासांत किंवा सत्र संपताना, जे आधी होईल तेव्हा उरलेली लस टाकून द्यायची. कुपीत सुई खोचून ठेवण्याची जुनी सवय तर पूर्ण बंद व्हावी. पेंटासारखी द्रव लस उघडल्यावर 28 दिवस चालते, मात्र कुपीवर उघडल्याची तारीख आणि वेळ हवी, ती थंड राहिलेली हवी आणि तिचे रबरी बूच पाण्यात बुडालेले नसावे. कोणती कुपी फेकायची आणि कोणती जपायची, यातली गल्लत दोन्ही बाजूंनी महागात पडते.

यवतमाळ जिल्ह्यात 2021 च्या जानेवारीअखेरीस 12 बालकांना पोलिओऐवजी हँड सॅनिटायझर पाजले गेले. तेव्हा साऱ्या राज्याला धक्का बसला. टेबलावर लशीखेरीज दुसरी बाटली ठेवायचीच नाही, हा नियम तेव्हापासून पाळला जातो का, हे सत्रात बसलेल्या कुणालाही पाहता येते.

गावाने करायची कामे फारशी अवघड नाहीत. ग्रामपंचायतीने सत्रासाठी सावलीची जागा, टेबल, हात धुवायला पाणी आणि लस घेतलेल्यांना 30 मिनिटे थांबता येईल अशी बसायची सोय करावी. पालकांनी ठरल्या वेळेत यावे. एकच मूल आले तरी कुपी उघडायची असते, पण सारे शेवटच्या क्षणी आले तर लस वाया जाते आणि बाळे ताटकळतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांनी कार्ड सोबत न्यावे, कारखान्याच्या तळावरही लस मिळू शकते. राहिलेला डोस पुढे घ्यायचा, पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते. एमआरचा पहिला डोस 9 महिन्यांनी आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत असतो. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, तेव्हा दोन्ही डोस न झालेल्या मुलांची संख्या चर्चेत होती. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी गाठ येऊन फुटली तर हळद लावू नये आणि शेकू नये, ती आपोआप वाळते.

आरोग्य विभागाने प्रत्येक केंद्रावर शेक टेस्टचा फोटो असलेला मराठी तक्ता आयएलआरच्या शेजारी लावावा, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने व्हीव्हीएमइतकाच वेळ आइसपॅकपाशीही घालवावा.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, जि. सातारा