रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र : नवी लोकल आधी आमच्या गर्दीत चालवून बघा

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीची, रोज लोकलने सीएसएमटीला जाणारी. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली. त्यानंतर बिगर-एसी लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं आपण जाहीर केलंत. दारांना झरोके, छतावरून हवा, आतून जोडलेले डबे. हे व्हायलाच हवं. माझी विनंती आहे ती पहिल्या नमुना गाडीच्या चाचणीबद्दल.

मुंबईची पहिली एसी लोकल आठवा. चेन्नईच्या आयसीएफ या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात बांधलेली ती गाडी एप्रिल 2016 मध्ये कुर्ला कारशेडला आली. मध्य रेल्वेवरचे जुने पूल ठेंगणे, गाडी उंच. शेवटी ती पश्चिम रेल्वेकडे गेली आणि 25 डिसेंबर 2017 ला बोरिवलीहून चर्चगेटला प्रवासी घेऊन निघाली. मधे वीस महिने गेले. पुलांची उंची गाडी बांधण्याआधीच मोजता आली असती. तरी त्या गाडीने शिकवलंही. तिची विजेची यंत्रणा डब्यातच जागा अडवून बसली होती. नंतरच्या काही गाड्यांमध्ये ती डब्याखाली गेली आणि तेवढी माणसं जास्त मावली.

आता आमच्याकडची सकाळ सांगते. एसी लोकलचं दार मिटायला लागतं, कुणाच्या तरी सॅकचा पट्टा मधे येतो, दार परत उघडतं. उघडलं की फलाटावरचे आणखी दोघं आत घुसतात. आतून बायका ओरडतात, "अहो, पुढची घ्या ना!" पण पुढची तरी कुठे रिकामी असते? दार मिटेपर्यंत गाडी हलत नाही आणि मागची लोकल सिग्नलला उभी राहते. बिगर-एसी गाडीत याच्यावर उकाड्याची भर पडेल. मे महिन्यात, खच्चून भरलेल्या डब्यात, दारं बंद असताना झरोक्यांतून किती वारा येतो, हे रिकाम्या गाडीत कळायचं नाही. पावसाची झड आत येते का, तेही जुलैशिवाय कळायचं नाही.

लोकलच्या डब्याचं आयुष्य 25 वर्षं धरतात. आज राहिलेली चूक माझ्या मुलीला नोकरीच्या वयात सोसावी लागेल. म्हणून नमुना गाडी एक उन्हाळा आणि एक पावसाळा कल्याण ते सीएसएमटी, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत चालवा. प्रत्येक स्थानकात दार मिटायला किती सेकंद लागले, आत तापमान किती होतं, हे आकडे मराठीत जाहीर करा. आणि पुढच्या गाड्यांचं बांधकाम त्यानंतरच सुरू करा.

आपली,
डोंबिवलीची एक पासधारक