आठ दिवसांचा थोमा

प्रिय दादा आणि वहिनी,

प्रभूमध्ये सलाम.

वहिनी, तुमचा परवाचा निरोप मी तीनदा ऐकला. तुमचा धाकटा मुलगा उपासनेला यायला नको म्हणतो, घरच्या प्रार्थनेतून मध्येच उठून जातो आणि वर विचारतो, "देव आहे हे तुम्हाला कशावरून ठाऊक?" दादा त्याच्यावर ओरडला आणि तुम्ही रात्रभर जाग्या. आमचं कुठे चुकलं, असं विचारलंत. मला तर त्याच्या प्रश्नाने धीरच आला. ज्याला देवाशी काही देणंघेणंच उरलेलं नाही, तो असं विचारायच्या भानगडीत पडत नाही.

इथल्या मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, तरुण संघ माझ्याकडे आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. गेल्या वर्षी त्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीची मैत्रीण आजाराने गेली. आम्ही सगळ्यांनी महिनाभर तिच्यासाठी प्रार्थना केली होती. त्या शनिवारी मुलीने मला सरळ विचारलं, "देवाने ऐकलं का नाही?" मी लगेच म्हणाले, "त्याच्या योजना आपल्याला कळत नाहीत." ती काही बोलली नाही. शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, लाल फीत तिने बोटाने सरळ केली, पुस्तक मिटलं आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर पाहत बसली. माझं वाक्य खोटं नव्हतं, पण ते मी तिला गप्प करायला वापरलं होतं. घरी पोचेपर्यंत मला ते कळलंही नाही.

पुढच्या शनिवारी आधी तिची क्षमा मागितली. मग आम्ही बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं १३ वं स्तोत्र उघडलं. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा विचारतो, कोठवर? ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. एका मुलाने दबकत विचारलं, "देवाला असं बोललेलं चालतं?" म्हटलं, चालतं म्हणून तर शास्त्रात आहे. त्या मुलीने वहीत स्वतःचं स्तोत्र लिहिलं. रागाने भरलेलं होतं, पण देवालाच उद्देशून होतं. मला त्यात आशा दिसली. सगळं छान होईल असं मुलांना सांगणं म्हणजेच आशा देणं, असं मीही बरीच वर्षं समजत होते. रोमकरांस पत्रात पौल संकटापासून सुरुवात करतो; संकटातून धीर, धीरातून शील आणि मग कुठे आशा. आपण मधल्या पायऱ्या गाळतो आणि पोरांना ते बरोबर कळतं.

दादा, आता तुझ्यासाठी. योहानाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय शांतपणे वाच. मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांना भेटला तेव्हा त्यांच्यातला थोमा तिथे नव्हता. खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही, असं थोमाने सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं. आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला तेव्हा थोमा कुठे होता? घरातच, बाकीच्या शिष्यांबरोबर. थोमाला आपण संशयी म्हणून नावं ठेवतो, पण त्याला आपल्यात राहू देणाऱ्या त्या दहा जणांविषयी प्रवचन मी आजवर ऐकलेलं नाही. तुमच्या घरात सध्या तेच आठ दिवस चालू आहेत. ते लांबतीलही.

उपासनेला चल, असं त्याला जरूर म्हण. पण तिथे विश्वासाचा आव आणायला लावू नकोस, आणि मन नसताना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घ्यायला तर मुळीच भाग पाडू नकोस. घरची प्रार्थना छोटी ठेव. तुझ्या कामाची काळजी, तुझी भीती त्याच्या कानावर पडेल अशी देवापुढे मांड. "मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाक" असं येशूपुढे ओरडणारा माणूसही एका मुलाचा बापच होता.

आणि एक काम कर. बाबांचं शास्त्र तुझ्याकडे आहे ना? स्तोत्रांच्या समासात त्यांनी पेन्सिलीने तारखा लिहिल्यात. ज्या दिवशी काही मागितलं त्या दिवसाची तारीख, आणि उत्तर मिळालं की पुढे छोटी बरोबरची खूण. बऱ्याच तारखांपुढे खूण नाही. बाबांची नोकरी गेली त्या वर्षाच्या तर एकाहीपुढे नाही. पण त्यांनी एकही तारीख खोडलेली नाही, आणि त्याच वर्षी पहाटे अर्ध्या उघड्या दारातून आपली नावं एकेक करून ऐकू यायची, आठवतं? आधी तुझं, मग माझं. आपल्या तरुण सहकाऱ्याचा, तीमथ्याचा, विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौल लिहितो. आपल्याकडे तो त्या दारातून आला.

ते पुस्तक त्याच्या हातात दे. खुणा नसलेल्या तारखा आधी दाखव. काय सांगायचं ते ठरवून जाऊ नकोस, त्याला पानं उलटू दे.

रविवारी मी फोन करीन तेव्हा त्याच्याशी बोलायचंय. समजावणार नाही, त्याचे प्रश्न ऐकायचेत. वहिनी, रात्री झोपत जा. इथे रोज त्याचं नाव घेतेय.

तुमची,
धाकटी