फ्रेंचमधलं ‘ले’

प्रिय मंदार,

फ्रेंच नामाआधी येणारं अनेकवचनाचं उपपद ‘ले’ (इंग्रजीतल्या ‘the’सारखं) कुठे लावायचं, असं तू विचारलंस. पण आधी ते कानाला कळायला हवं. मराठीत ‘एक हात, दोन हात’ म्हणताना नाम बदलत नाही. ‘दुखतो’ की ‘दुखतात’ यावरून कळतं. फ्रेंचमध्ये अनेकवचनाचा ‘एस’ बहुतेक वेळा कागदावरच राहतो. ‘ल लीव्र’ म्हणजे पुस्तक, ‘ले लीव्र’ म्हणजे पुस्तकं. सगळा फरक पहिल्या अक्षरात. आपली माणसं इथेच चुकतात. ‘एल-ई’ दिसलं की ‘ले’ वाचतात आणि ऐकणाऱ्याला अनेकवचन वाटतं. तिथे ओठ जरा गोल करून तोकडा ‘ल’ म्हण. ‘ले’ फक्त ‘एल-ई-एस’चं. लिंगाची कटकट मात्र इथे संपते, पुल्लिंगी ‘ल’ आणि स्त्रीलिंगी ‘ला’ दोघांचंही अनेकवचन ‘ले’च.

पुढे स्वर आला की तो मुका ‘एस’ ‘झ’ होऊन बोलतो: आमी (मित्र), लेझामी, एका दमात. ‘एच’ उच्चारत नाहीत, पण काही शब्दांत तो ही जोडणी अडवतो. म्हणून पॅरिसमधल्या जागांची नावं बघ: स्वराने सुरू होणारं ‘लेझँव्हालिद’ जोडून, पण ‘एच’ने सुरू होणारं ‘ले आल’ तोडून. ‘ले एरो’ म्हणजे वीर. जोडून ‘लेझेरो’ म्हणालास तर वीरांची शून्यं होतात! अशा शब्दांना शब्दकोशात खूण असते, ती बघत जा.

आता वापर. ‘मला आंबे आवडतात’ यात आपण आंब्यांआधी काहीच लावत नाही, म्हणून ‘ले’ राहून जातं. आवड-नावड सांगताना अख्खी जात डोळ्यांसमोर असते: ‘जेम ले मांग’. बाजारातून थोडे आंबे घेतलेस तर ‘जाशेत दे मांग’. नकारात खरी परीक्षा: ‘ज नेम पा ले मांग’ मध्ये ‘ले’ जागचं हलत नाही, पण ‘ज नाशेत पा द मांग’ मध्ये ‘दे’चं ‘द’ होतं.

‘आ’ (‘ला’, ‘मध्ये’) आणि ‘ले’ मिळून ‘ओ’, ‘द’ (‘चा’, ‘पासून’) आणि ‘ले’ मिळून ‘दे’. नेदरलँड्स म्हणजे ‘ले पेई-बा’, तर नेदरलँड्समध्ये म्हणजे ‘ओ पेई-बा’. मात्र क्रियापदाआधीचं, ‘त्यांना’ या अर्थाचं ‘ले’ असं मिसळत नाही: ‘द ले व्ह्वार’, त्यांना बघायला.

‘ज म लाव्ह ले मँ’, मी हात धुतो. इथे मराठी कामाला येते, कारण ‘माझे’ आपणही म्हणत नाही. आणि जोशी मंडळींना बिनधास्त ‘ले जोशी’ म्हण, आडनावाला ‘एस’ न लावता.

रोज दहा नामं मोठ्याने म्हण: ला मेझाँ (घर), ले मेझाँ, लामी (‘ल’ आणि ‘आमी’ जोडून), लेझामी. रेकॉर्ड करून पाठव, मी ऐकून कळवतो.

तुझा,
समीर