सतराचे आठ झाले, काका

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

दांडिया बाजारात तुमच्या घरी येऊन आभार मानले असते, तर तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय.

गेल्या वर्षी बढतीचा फॉर्म भरायचा होता. गूगल स्कॉलर या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावरचं माझं पान मी तुम्हाला ऐटीत दाखवलं, एच-इंडेक्स १७! म्हणजे प्रत्येकी किमान सतरा वेळा इतर पेपरांत उल्लेख झालेले सतरा पेपर. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून यादी खालपर्यंत वाचलीत आणि विचारलंत, "बेटा, मधुमेहावर तू कधी काम केलंस?" माझंच आद्याक्षर आणि आडनाव असलेल्या कुणा डॉक्टरांचे पेपर माझ्या खात्यात येऊन बसले होते. आज कबूल करते, आकडा जरा जास्तच गुटगुटीत आहे असं मलाही वाटत होतं. पण खाली जाऊन बघायची इच्छा नव्हती.

तुम्ही रागावला नाहीत. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालाला आणलं, तेव्हापासून बडोद्याच्या ग्रंथपालाला खोटी नोंद खपत नाही, हे तुमचं लाडकं वाक्य तेवढं ऐकवलंत. मग लाइटबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर माझे खरे चौदा पेपर उतरत्या क्रमाने लिहायला लावलेत. कोणत्या पेपरला किती उल्लेख, म्हणजे सायटेशन: ४१, ३८, ३०, २७, २१, १६, १२, ९, ७ आणि पुढे किरकोळ. आठव्याला नऊ, नवव्याला सात. रेघ आठखाली. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेली मोजणी ती एवढीच, पण सतराचे आठ होताना माझा घसा दाटून आला होता.

मी कागद घडी घालणार, तोच तुम्ही म्हणालात, "आता हे एक्केचाळीस जण तुझ्याबद्दल काय म्हणतात ते वाच."

तो पेपर शेंगांच्या टरफलांचा. पाण्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, टरफलांच्या भुकटीवर किती चिकटतं ते आम्ही मोजलं होतं. डायफेनिलकार्बाझाइड हे रसायन टाकलं की पाणी जांभळट गुलाबी होतं, ५४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला रीडिंग घ्यायचं, रंग जितका फिका तितका आमचा आनंद मोठा. एक्केचाळीसपैकी सहा उल्लेख आमचे आम्हीच केलेले. बहुतेक ठिकाणी आमचं नाव पंधरा जणांबरोबर एकाच कंसात कोंबलेलं, लग्नाच्या आहेराच्या यादीसारखं. एकाच गटाने प्रयोग खरोखर पुन्हा केला होता आणि आमचे वाभाडे काढले होते. आम्ही पीएच २ ला, म्हणजे चांगल्याच आम्लधर्मी पाण्यात, काम केलं होतं. तिथे टरफलाच्या पृष्ठभागावर धन भार असतो आणि क्रोमियम ऋण आयनाच्या रूपात, म्हणून ते छान चिकटतं. त्यांनी पीएच ७ ला, म्हणजे ना आम्ल ना अल्क अशा पाण्यात, करून पाहिलं आणि आकडा कोसळला. शिवाय आमच्या द्रावणात लिटरला ५० मिलिग्रॅम क्रोमियम, आणि पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा ०.०५! बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या कारखान्यांपासून इतक्या जवळ राहून मी नेमकं कुणाचं पाणी शुद्ध करत होते?

एच-इंडेक्सच्या हिशेबात ती टीकाही एक आणि आहेराच्या यादीतलं नावही एकच. पण माझं पुढचं सगळं काम त्या टीका करणाऱ्या एका पेपरातून निघालं.

दुसरा प्रश्न तर तुम्ही उठता उठता टाकलात. "हा लागरग्रेन, १८९८. पाहिलायस का तू?" पाहिला नव्हता, काका. चौदापैकी नऊ पेपरांत त्याचा संदर्भ दिला होता आणि एकदाही उघडला नव्हता. तो जर्मनमध्ये, स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेला. अधिशोषणाच्या, म्हणजे असं पृष्ठभागावर चिकटण्याच्या, वेगाचं आम्ही सगळे वापरतो ते पहिलं समीकरण त्याच्या नावावर. दुसरं, सूडो-सेकंड-ऑर्डर, हो आणि मॅके यांच्या १९९९ च्या पेपरामुळे गाजलं. त्यातल्याच युह-शान हो यांनी २००४ मध्ये सायंटोमेट्रिक्स या नियतकालिकात दाखवून दिलं होतं की लागरग्रेनचा संदर्भ लोक एकमेकांचं बघून चुकीचा उतरवत आलेत. आडनाव हो आणि येताजाता सगळ्यांना नाही म्हणणारा माणूस, असं म्हणून तुम्ही स्वतःच हसलात. मी घरी जाऊन माझे संदर्भ ताडून पाहिले. तीन ठिकाणी खंड क्रमांक चुकलेला, एका ठिकाणी नावाचं स्पेलिंग.

फॉर्मवर मी ८ लिहिलं. मुलाखतीत एकाने भुवया उंचावल्या, बढती यंदाही हुकली. त्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी वेगळ्या पत्रात, योग्य त्या ठिकाणी करणार आहे.

पीएच ७ चा नवा पेपर छापून आलाय. शेवटच्या पानावर आभारात तुमचं नाव आहे. त्याचं सायटेशन कुठेच मोजत नाहीत, हेही तुम्हीच सांगितलेलं. रविवारी प्रिंट घेऊन येते, लीलो चेवडोही आणते. काकूंना सांगा, चहा मी करीन.

तुमची,
टरफलवाली