बाबांच्या पायांसाठी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, दिवाळीत तुम्ही वावरातून आलात तेव्हा सारवलेल्या अंगणात रक्ताचे ठिपके उमटले होते. बाभळीचा काटा चपलेतून थेट तळव्यात घुसलेला. तुम्ही तो उपटला, हळद दाबली अन् म्हणालात, "दुखत नाही, मग काय झालं?" त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवसभर तुम्ही तो काटा घेऊन कापूस वेचत होता अन् तुम्हाला पत्ताच नव्हता.

बाबा, दुखायलाच हवं होतं. बारा वर्षांच्या साखरेनं पायाच्या नसा बधिर केल्यात. तुम्हाला मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात, ते त्यातलंच. बधिर पायाची जखम माणसाला दिसते तेव्हा चिघळलेली असते, अन् साखरेनं रक्तपुरवठाही कमी झाला असेल तर ती भरता भरत नाही. मोठ्या काकांचा अंगठा असाच गेला. गरम पाण्यात पाय घातले, चटका कळला नाही, एवढंच निमित्त.

माझ्या ड्युटीच्या वॉर्डात असे पाय रोज येतात. बहुतेक उशिरा येतात, याचंच मला फार वाईट वाटतं.

आमच्याकडे आता पायांची वेगळी ओपीडी आहे. पोडियाट्री म्हणतात त्या शास्त्राला. नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला टेकवतात, दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. तेवढा स्पर्श कळला नाही तर पाय धोक्यात आहे असं समजायचं. मग घोट्याजवळची नाडी बघतात, कुरूप नीट तासतात, नखं कापतात. आई, बाबांचं कुरूप तू ब्लेडनं कापतेस ना, ते आजपासून बंद कर. भेगांत मेणही भरू नकोस. त्याऐवजी रोज रात्री कंदिलाएवढ्या उजेडात नको, चांगल्या दिव्याखाली त्यांचे तळवे अन् बोटांच्या बेचक्या बघ.

चपलांचं मात्र मला सविस्तर लिहायचं आहे. तिथे मऊ एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल मापानं देतात. "ती तर महारोग्यांची," असं तुम्ही म्हणाल, मला माहीत आहे. हो, त्यांच्यासाठी ती वापरात आली, कारण त्यांचेही पाय असेच बधिर होतात. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढलं, पुढे बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारलं. असे पाय जपण्याचं काम आपल्या विदर्भात किती जुनं आहे, बघा. त्यात लाज कसली?

कापसाची गाडी गेली की पुढच्या मंगळवारी सकाळच्या एसटीनं दोघंही नागपूरला या. मी स्टँडवर येते. येताना ती काटा घुसलेली चप्पल आणा, फेकू नका. तिची झीज बघून वजन कुठे पडतं ते डॉक्टरांना कळतं. अन् तोवर, बाबा, धुऱ्यावरसुद्धा अनवाणी जाऊ नका.

तुमची,
ताई