खंडनाला गुण, समजून घेण्याला शून्य

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षांचे निकाल लागले की ‘मुलांना गुण मिळवता येतात, विचार करता येत नाही’ अशी पत्रे आपल्या सदरात हमखास येतात. तक्रार रास्त आहे. पण विचार करता येणे म्हणजे नेमके काय येणे, हे त्यांतले कुणी सांगत नाही. मी गणित शिकवून निवृत्त झाले आणि वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून मला अजूनही बोलावणी येतात. या दोन्ही ठिकाणी जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे, की समोरच्याचे म्हणणे त्याच्या जागी उभे राहून समजून घेता येणे हा सौजन्याचा नव्हे, अभ्यासाचाच भाग आहे. तो ज्याला जमतो त्याचे शिकणे पुढे सरकते. बाकीचे बरोबर उत्तरापाशी थांबतात.

गणितातलेच उदाहरण घेते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? उत्तर पाच षष्ठांश. पण वर्ग कुठलाही असो, काही मुले दोन पंचमांश लिहितात. वरचे १ आणि १ मिळून २, खालचे २ आणि ३ मिळून ५. यावर लाल फुली मारायला क्षणही लागत नाही. मी मात्र ते उत्तर फळ्यावर लिहायचे आणि विचारायचे, ‘हे लिहिणारा शहाणा आहे असे धरून चला. त्याने काय विचार केला असेल?’

पटापट गणिते सोडवणारी मुले यावर सगळ्यांत जास्त वैतागायची. ‘बाई, आम्हाला बरोबर येतंय, मग चुकीचं कशाला शिकायचं?’ पण थोडा दम धरला की कुणीतरी बोलायचे: एका चाचणीत २ पैकी १ गुण मिळाला आणि दुसरीत ३ पैकी १, तर एकूण ५ पैकी २ च होतात की! अगदी खरे. गुणपत्रिकेत आपण सगळे अशीच बेरीज करतो. म्हणजे दोन पंचमांश लिहिणाऱ्याने मनाचे काही रचलेले नव्हते. एका ठिकाणची चोख रीत त्याने दुसऱ्या ठिकाणी आणली होती. मग फरक कुठे पडला? गुणांच्या बेरजेत दोन वेगवेगळ्या चाचण्या एकत्र येतात, म्हणून ‘पूर्ण’ही वाढते. अपूर्णांकांच्या बेरजेत दोन्ही तुकडे एकाच अखंड वस्तूचे असतात. शिवाय दोन पंचमांश हे अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात भर घातल्यावर अर्ध्याहून कमी कसे उरेल? हा प्रश्न मुलेच एकमेकांना विचारायची. छेद समान का करायचे, हे त्या गोंधळात जितके उलगडायचे तितके माझ्या सुबक समजावण्यातून कधी उलगडले नाही. कधीही न चुकणाऱ्या काही मुलांना तेव्हाच कळायचे, की आपल्याला रीत पाठ आहे, कारण माहीत नाही.

दशांश अपूर्णांकांतही तेच. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठे, असे म्हणणारे मूल पस्तीस आणि चार यांची तुलना करत असते. पूर्ण संख्यांनी त्याला आजवर कधी दगा दिलेला नसतो, मग त्याने आताच का संशय घ्यावा?

आपल्याला एखादी गोष्ट कळली, की ती न कळण्याची अवस्था आपण फार लवकर विसरतो. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात याचा एक गमतीदार प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे. निम्मी तरी गाणी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली अवघी ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल घुमत असते. समोरच्याच्या कानावर पडते ती नुसती टकटक. शिक्षकांनी तर हा प्रयोग दर वर्षी जूनमध्ये, शाळा उघडण्याआधी करून पाहावा असा आहे. (मुख्याध्यापकांनीही. पण ते असो.)

आता स्पर्धांविषयी, कारण पत्र लिहायला बसले ते त्यासाठी. आमच्या हातात जी गुणपत्रिका दिली जाते तिच्यात उच्चार, आशय, सादरीकरण आणि खंडन असे रकाने असतात. समोरच्याचे नीट ऐकले का, याला रकाना नाही. मध्यंतरी एका स्पर्धेत ‘पुस्तक उघडून परीक्षा असावी का’ असा विषय होता. एका मुलीने प्रतिपक्षाला उत्तर देण्यापूर्वी त्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडला आणि विचारले, ‘तुम्हाला असंच म्हणायचंय ना?’ तो मुलगा प्रांजळ निघाला. ‘हो, आणि माझ्यापेक्षा तुम्ही ते नीट सांगितलंत,’ म्हणाला. सभागृह हसले. मग तिने त्या मुद्द्यातली नेमकी कच्ची बाजू दाखवली. माझ्या कागदावर ती पहिली होती. एकूण बेरजेत ती तिसरी आली, कारण खंडनाला तिला वेळ कमी उरला. पहिला आलेला मुलगा तडफदार बोलला, टाळ्या घेतल्या, पण प्रतिपक्षाने न केलेले एक विधान त्याने त्याच्या तोंडी घातले आणि तेच खोडून काढले. हे आम्हा तिघा परीक्षकांपैकी किती जणांनी टिपले, कोण जाणे.

आपल्या परंपरेत ही जाण जुनी आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडत बसणे म्हणजे वितंडा. शास्त्रग्रंथांत सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, येतो आणि चांगला ग्रंथकार तो असा भक्कम मांडतो की क्षणभर वाचकाला तोच पटतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वाद घालणाऱ्यांना जवळपास हीच अट सुचवली: आधीच्या वक्त्याचे विचार आणि भावना त्याचे समाधान होईल अशा शब्दांत सांगा, मगच आपले बोला. करून पाहा, भलतेच अवघड आहे. आणि त्यात एक धोका आहे, हेही रॉजर्स यांनी लपवले नाही. दुसऱ्याचे खरोखर समजून घ्यायला गेलात, तर तुम्ही स्वतः बदलण्याची शक्यता असते. माणसे याच भीतीने कान बंद ठेवतात, असे मला वाटते; आळसाने नव्हे.

चार्ल्स डार्विनची एक सवय मी मुलांना नेहमी सांगायचे. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती लगेच लिहून ठेवायचा, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात, हे त्याला अनुभवाने कळले होते. उत्क्रांतीवरच्या १८५९ च्या ग्रंथात त्याने स्वतःच्या सिद्धांतापुढच्या अडचणींना वेगळे प्रकरणच दिले. विरोधकांना आयती यादी मिळाली, असे कुणी म्हणेल. पण त्यांच्या बऱ्याचशा आक्षेपांवर त्याने आधीच डोके शिणवले होते.

यावर एक शंका नेहमी येते: मग सगळ्यांचेच बरोबर म्हणायचे का? मुळीच नाही. मोकळे मन म्हणजे धर्मशाळा नव्हे. दोन पंचमांश हे त्या बेरजेचे उत्तर म्हणून चूकच आहे आणि मी त्याला गुण देत नसे. ‘प्रत्येकाचं आपापलं मत असतं’ असे म्हणून उठून जाणारा मला उदार वाटत नाही. त्याने समोरच्याच्या मतावर क्षणभरही मेहनत घेतलेली नसते. पुरते समजून घेऊन ठाम नकार देता येतो. त्या मुलीने तेच केले होते.

म्हणून स्पर्धांच्या आयोजकांना एक सुचवते. प्रत्येक वक्त्याला खंडनापूर्वी एक मिनिट जादा द्या. त्यात त्याने प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा सांगायचा. या मिनिटाला दहा गुण ठेवा आणि ते परीक्षकांनी नव्हे, प्रतिपक्षाने द्यावेत. मुले मुद्दाम कमी गुण देतील, अशी भीती एका आयोजकांनी बोलून दाखवली. देतील काही. त्यासाठी परीक्षकांना ते गुण कारण सांगून बदलण्याचा अधिकार ठेवा. गणिताच्या शिक्षकांनीही प्रत्येक चाचणीत एक चुकलेले उदाहरण छापून ‘हे सोडवणाऱ्याने काय विचार केला असेल?’ एवढा एक प्रश्न घालावा. तपासायला वेळ जास्त लागतो, हे मान्य. मी शेवटची काही वर्षे तो घालत होते आणि गठ्ठ्यातली तीच उत्तरे आधी वाचत होते.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका